तीन किलोची वाफ

परळी वैजनाथ,
२९ सप्टेंबर २०२२

चि. गंगासागर,

तुझी तब्येत बरी असावी. जिभेची तब्येत उत्तम आहे, ते मागच्या पत्रावरून कळलंच.

उद्या दुपारपर्यंत टेम्पोवाला नांदूरघाटला एक खोकं आणून टाकेल. त्यावर ‘काच आहे, सांभाळून’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलंय. आत काच फक्त बोटभर आहे, बॉयलरमधलं पाणी दाखवणारी. पण लोखंड आहे म्हटलं की हे लोक पोतं फेकल्यासारखं फेकतात.

खोक्यात माझं वाफेचं इंजिन आहे. चौदा महिने लागले. बॉयलर तांब्याचा, वीतभर रुंद आणि दीड वीत उंच. सिलिंडर, चाक, दांडा, सगळं व्हरांड्यात बसून घडवलं. प्रणिता म्हणते, “मामा, लोक भंगार विकतात, तुमी इकत आणताव.” सून म्हणून बोलते, पण चहा वेळेवर देते, तेव्हा ऐकून घेतो.

बहिणीला इंजिन का देतोय ते सांगतो. गेल्या दिवाळीत मी लहान इंजिन चालवत होतो आणि तू पाटीवर लिहून दिलंस, ‘दांड्यात ठकठक येतेय, तेल द्या.’ बघितलं तर खरंच होतं. मला ती ठकठक या जन्मात ऐकू येणार नाही. थर्मल वीज केंद्राच्या बॉयलरखाली चौतीस वर्षं काढली, त्यात कान गेले. दाजी गेल्यावर बावीस वर्षं पिठाच्या गिरणीचं डिझेल इंजिन तू एकटीनं चालवलंस. आता घरोघर घरघंट्या आल्या, गिरणी बंद झाली, आणि तो कान रिकामा बसलाय. मला ते बघवत नाही.

नियम थोडे आहेत, पण ते मोडायचे नाहीत. काचेत पाणी अर्ध्याच्या वर असल्याशिवाय विस्तव घालायचा नाही. कोळसा लाकडाचा, थोडा थोडा. डोक्यावर पितळी टोपी आहे, तो सेफ्टी व्हॉल्व्ह. तीन किलो प्रेशर झालं की तो आपोआप उघडतो आणि जास्तीची वाफ बाहेर टाकतो. थंड पाणी भरून, पंपानं दाबून मी बॉयलर सहा किलोपर्यंत तपासलाय. पण ती परीक्षा झाली. रोजचं काम तीनवरच.

आणि वही ठेव. दर दहा मिनिटांनी प्रेशरच्या काट्याचा आकडा लिहायचा आणि पानाची नक्कल मला पाठवायची. फोनवर मला ऐकू येत नाही आणि मोबाइलवरची अक्षरं मुंगीएवढी दिसतात, तेव्हा कागदच बरा. काटा तीनच्या वर गेलेला दिसला, तर इंजिन परत आणीन. हे थट्टेत लिहीत नाही.

तुझा,
अण्णा

&nbsp;

नांदूरघाट,
९ ऑक्टोबर २०२२

अण्णांना गंगासागरचा नमस्कार.

जीभ बरी आहे, इंजिन त्याहून बरं आहे. टेम्पोवाल्यानं खोकं दोन्ही हातांनी उतरवलं. ‘काच’ वाचून त्याला वाटलं आत देव आहेत.

गांधी जयंतीला पेटवलं. गल्ली गोळा झाली. अण्णा, डिझेल इंजिन म्हणजे नुसती आदळआपट. हे किती गुमान फिरतं! मी चाकाला बोट लावून उभी राहिले आणि खरं सांगते, रडायला आलं. वर्षभर मी सकाळी उठून करू काय, हेच मला कळत नव्हतं.

शाळेचे अध्यक्ष मोहनराव सहज डोकावले होते. वाकून बघत होते, तेवढ्यात काटा तीनला आला आणि टोपी फुस्सकन उघडली. मोहनराव दोन हात मागं उडाले, पडता पडता राहिले. बाया खिदळल्या. त्यांना ते लागलं. म्हणाले, “गंगासागरबाई, बाईमाणसानं चुलीवरच्या कुकरची शिट्टी सांभाळावी. ह्ये आपलं काम न्हाई.” मी म्हणाले, “मोहनराव, तुमच्या घरची दहा वर्षं भाकर माझ्याच इंजिनाच्या पिठाची होती.” राग नाकावर घेऊनच गेले.

खंडेनवमीला पूजा केली. गिरणीत यांची रीत होती तशीच. शेंदूर जवसाच्या तेलात कालवायचा, कारण तिळाचं तेल ओघळतं आणि जवसाचं चिकटून बसतं. चाकाला लावला, आणि वरच्या पितळी टोपीला चांगला जाड लावला. डोकं तेच ना त्याचं! बॉयलरवर विभूतीचे तीन पट्टे ओढले. असं रूप आलंय की दृष्ट काढावी.

आता सोयाबीन काढणीला आलंय, बाया मिळत नाहीत. इंजिन दिवाळीपर्यंत झाकून ठेवते.

तुमची,
गंगासागर

&nbsp;

परळी वैजनाथ,
२० ऑक्टोबर २०२२

चि. गंगासागर,

मोहनरावांची उडी वाचून एवढा हसलो की प्रणिता आतून पळत आली. टोपी बरोबर तीनला उघडली, म्हणजे माझा हात अजून बसलेला आहे. तू रडलीस, तेही वाचलं. त्यावर काही लिहीत नाही, मलाही तसंच झालं.

पूजा केलीस, छान केलंस. आम्हीही प्लांटमध्ये करायचो, नारळाचा ढीग पडायचा.

डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. तुझं पत्र भिंगानं वाचलं, अर्धी अक्षरं अंदाजानं. डिसेंबरात ऑपरेशन करून घेऊ म्हणतात. दिवाळीनंतर इंजिन चालवलंस की वहीची नक्कल पाठव, मोठ्या अक्षरांत.

दिवाळीला आली नाहीस तर भाऊबीज बुडाली म्हणून रडू नकोस. साडी घेऊन ठेवलीय.

तुझा,
अण्णा

&nbsp;

नांदूरघाट,
४ डिसेंबर २०२२

अण्णांना नमस्कार.

अक्षर मोठं काढलंय, आता तक्रार नको. इंजिन तीनदा चालवलं. वहीची नक्कल अशी:

६ नोव्हेंबर: ३, ३, ३, ३, ३.
२० नोव्हेंबर: ३, ३, ३, ३, ३.
२ डिसेंबर: ३, ३, ३, ३, ३.

बघा, तुमच्या शब्दाबाहेर नाही. आणि टोपी आता लई शहाणी झालीय. पहिल्यासारखी फुसफुस करत नाही, थेंबभर वाफ वाया घालवत नाही. सगळी वाफ चाकाला. माझ्या हाताला लागली म्हणायची!

आता खरी बातमी. तीन जानेवारीला मुलींच्या शाळेत बालिका दिन आहे. तिथल्या विज्ञानाच्या योगिता मॅडम घरी आल्या, तासभर इंजिनापाशी बसल्या. म्हणाल्या, “मावशी, ह्ये तुमी पोरींसमोर चालवा. बाईनं चालवल्यालं इंजिन त्यांनी बघितलं पायजे.” अण्णा, मला आजवर कुणी कुठं बोलावलं नव्हतं. गिरणीवाली म्हणून लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोक पिठाबद्दलच बोलायचे.

मोहनरावांनी होय म्हटलं, पण कसं? “होऊ द्या. बंद पडलं की बाईच घरी घिऊन जाईल.” सगळ्या मास्तरांसमोर बोलले. तेव्हा मला ते चालवायचंच आहे. नाही म्हणू नका. म्हणणारच असाल तर पत्रच पाठवू नका.

तुमची,
गंगासागर

&nbsp;

परळी वैजनाथ,
२९ डिसेंबर २०२२

गंगा,

इंजिन पेटवू नकोस. तीन तारखेला नाही, त्याआधी सरावालाही नाही. बाकीचं पत्र मग वाच.

तुझं पत्र आलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं नुसतं धुकं होतं. बारा तारखेला ऑपरेशन झालं. बहिणीचं पत्र सुनेकडून वाचून घ्यायला मन होईना, म्हणून उशाखाली ठेवलं. नवा चष्मा आज मिळाला. पहिलं तेच वाचलं.

तू पाठवलेले आकडे खोटे आहेत. पंधरा आकडे आणि पंधराही तीन? जिवंत बॉयलरचा काटा असा उभा राहत नाही. कोळसा टाकला की चढतो, पाणी दिलं की उतरतो. हे काट्याकडे बघून लिहिलेलंच नाही. काटा वर जात होता आणि मी इंजिन परत नेईन म्हणून तू तीन लिहिलंस. बरोबर ना?

आणि टोपी शहाणी झालेली नाही, जाम झालीय. ती का जाम व्हावी म्हणून तुझं ऑक्टोबरचं पत्र काढलं. शेंदूर आणि जवसाचं तेल! अगं, वाफेच्या पाइपाचा जोड गळू नये म्हणून आम्ही फिटर लोक पूर्वी हेच कालवून लावायचो. वाळलं की छिन्नीनंसुद्धा निघत नाही. शेकडो जोडांना मी या हातांनी लावलंय. आणि तू ते टोपीला जाड लावलंस असं लिहिलंस, तर मी ‘छान केलंस’ म्हणून पुढं गेलो. डिझेल इंजिनाला त्यानं काही होत नाही, हे तुला ठाऊक होतं. वाफेला काय होतं, ते मला ठाऊक होतं. चूक माझी आहे.

आता नीट ऐक. इंजिन फिरतंय तोवर ते वाफ खातं, म्हणून तू आजवर वाचलीस. चाक थांबलं आणि खाली विस्तव राहिला की वाफेला जायला वाट नाही. काटा चढतच जाणार. सहापर्यंत मी बघितलंय. सहाच्या पुढं तो बॉयलर किती धरेल, ते मला माहीत नाही. तांबं फाटलं तर समोर बसलेल्या पोरींना पळायलाही वेळ मिळणार नाही.

चुकून पेटवलेलं असलंच, तर आधी माणसं लांब घालव. टोपीला हात लावायचा नाही, ठोकायचं नाही, थंड पाणी ओतायचं नाही. खालचा विस्तव ओढून काढ आणि तूही लांब जा.

शेजाऱ्यांकडून तुला तीनदा फोन लावला, बंद येतोय. पोरगा मृत्युंजय आणि प्रणिता लातूरला लग्नाला गेलेत, शनिवारी येतील. मी स्वतः निघालो होतो, पण डॉक्टरांनी महिनाभर धूळ, धूर आणि प्रवास बंद केलाय आणि शेजाऱ्यांनी स्टँडवरून परत आणलं. पत्र मिळाल्याबरोबर कळव.

अण्णा

&nbsp;

परळी वैजनाथ,
३ जानेवारी २०२३

चि. गंगासागर,

प्रणितानं रविवारी तुला फोन लावला. मी तिला चिठ्ठीवर दोन प्रश्न लिहून दिले होते. पत्र मिळालं का, आणि सांगितलं तसं केलं का. दोन्हीला तू ‘व्हय’ म्हणालीस असं तिनं सांगितलं. चार दिवसांनी पहिल्यांदा पोटभर जेवलो.

आज तुझा कार्यक्रम. आत्ता सकाळचे अकरा वाजलेत. इंजिन न पेटवता नुसतं दाखवलं असशील, चाक हातानं फिरवून. मन शांत आहे. पोरींनी काय विचारलं ते सविस्तर लिही, मोहनरावांचं तोंड कसं झालं तेही.

तुझा,
अण्णा

&nbsp;

नांदूरघाट,
६ जानेवारी २०२३

अण्णा,

तुमचं पत्र मिळालं. काल, पाच तारखेला.

रविवारी मिळालं नव्हतं. प्रणितानं विचारलं, “आत्या, मामाचं पत्र मिळालं का? त्यांनी सांगितलं तसं केलं का?” मला वाटलं, पत्रात ‘चालवू नकोस’ असंच असणार. म्हणून म्हणाले, “मिळालं बाई, समदं केलं.” पत्र आलंच नाही म्हटलं असतं, तर तुम्ही प्रणिताकडून फोनवरच ‘नको’ म्हणवलं असतं. फोनही त्याचसाठी बंद ठेवायची, रविवारी नेमका चालू राहिला. आता मनाला येईल ते बोला.

आकड्यांचंही खरं आहे. घरी काटा साडेचारापर्यंत जायचा. डोळ्यांनी साडेचार बघायची आणि हातानं तीन लिहायची. मनाशी म्हणायची, अण्णांनी सहाला तपासलंय, साडेचाराला काय होतंय? अण्णा मुलखाचे भित्रे आहेत.

आता तीन तारखेचं सांगते, काही न लपवता.

शाळेच्या अंगणात टेबलावर इंजिन ठेवलं. समोर सतरंज्या. पाचवीच्या पोरी पुढं, टेबलापासून चार हातांवर. नऊला पेटवलं. योगिता मॅडमनी बाजूला फळा आणून ठेवला होता आणि माझ्याकडून कौतुकानं सगळं विचारून घेतलं होतं. काटा कशाचा, तीनच्या वर जातो का. मी म्हणाले, कधीच जात नाही. त्यांनी ठरवलं की दर पाच मिनिटांनी आकडा माईकवर सांगायचा आणि फळ्यावर लिहायचा. हे मात्र मला विचारून ठरवलं नव्हतं.

अडीच झाले, तीन झाले. चाक फिरायला लागलं आणि पोरींनी अशा टाळ्या वाजवल्या अण्णा, माझ्या लग्नातसुद्धा एवढ्या वाजल्या नव्हत्या. दहा मिनिटं चाललं. मग मोहनराव उठले. म्हणाले, “थांबवा जरा ती खटखट, चार शब्द बोलतो.” मी थांबवलं. त्यांनी गळ्यातला हार काढून इंजिनाच्या चाकाला घातला आणि फोटो काढून घेतला. मग भाषण सुरू झालं. शाळेला जागा कुणी दिली, रस्ता कुणी केला, त्यांच्या वडलांनी विहीर कशी खणली.

मॅडम मधेच माईक घ्यायच्या. “साडेतीन.” फळ्यावर खडू चालायचा. विहिरीला पाणी लागेपर्यंत “चार”. मग “साडेचार”. इथवर मी घरी बघितलेलं होतं. टोपीकडं बघत होते, आता तरी फुसकन उघड, मोहनरावांच्या तोंडावर उघड. उघडली नाही. “पाच.” घरी मी काट्याला तीन म्हणायची आणि तो ऐकायचा. इथं खडू माझ्या हातात नव्हता.

“साडेपाच,” मॅडम म्हणाल्या आणि माझ्याकडं वळल्या. “मावशी, तुमी तर म्हणलात तीनच्या वर जात न्हाई?” तो माईक चालूच होता. सगळ्या शाळेनं माझ्याकडं बघितलं.

तेवढ्यात शिपाई मुंजाजी पान्हा घेऊन आला. “मावशी, टोपी जाम झालीया वाटतं. एक ठोका घालू का?” त्यानं पान्हा उगारला सुद्धा. मी त्याचं मनगट धरलं आणि ओरडले, “पोरीहो, उठा! मागं पळा, भिताडाआड!” पोरी हसल्या. त्यांना वाटलं हाही कार्यक्रमच आहे. योगिता मॅडमनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि माईक टाकला. पुढच्या पोरींना दंडाला धरून उठवायला लागल्या. मग धावपळ झाली.

मोहनरावांनी माईक उचलला, “ओ बाई, माझं भाषण चालू हाय!” मी म्हणाले, “भाषण तिकडं घिऊन जावा मोहनराव, न्हाईतर लोकं तुमच्यावर भाषणं करतील!” मग तेही हलले.

चाक फिरवून वाफ घालवावी म्हटलं, तर हार दांड्यात गुंतलेला. खाली वाकले. राखेचा कप्पा चिमट्यानं निघेना. मग उजव्या हातानंच जाळीसकट ओढला. कोळसे अंगणभर पडले. काट्याकडं बघितलं, पाच पॉइंट आठ. मागं न बघता भिंतीआड पळाले. त्या पंधरा पावलांत मी तुमची, यांची, सगळ्या देवांची नावं घेतली आणि एकाच गोष्टीसाठी घेतली, की पोरींना काही होऊ नये. माझा मान, माझ्या टाळ्या, काही आठवलं नाही.

भिंतीआड पाऊण तास उभे होतो. काहीच झालं नाही, अण्णा. काटा हळूहळू उतरला. इंजिन गार झालं.

मग मोहनराव माईकवर आले. म्हणाले, “बाई घाबरली. मी आधीच म्हणलं व्हतं.” पोरीसुद्धा हसल्या. आता गावभर तेच चाललंय. टपरीवर विचारतात, “मावशी, तुमचा बॉम्ब कधी फुटणार?” काय दाखवू त्यांना? फुटलं असतं तर पटलं असतं. फुटलं नाही म्हणून मी भित्री. एकट्या योगिता मॅडम येऊन हाताला मलम लावून जातात. तळहाताला फोड आलेत, म्हणून अक्षर असं आहे.

काल तुमचं पत्र वाचलं. विस्तव ओढा, ठोकू नका, माणसं लांब घालवा. सगळं तुम्ही लिहिलेलं होतं आणि मी ते न वाचताच ‘मिळालं’ म्हणाले होते.

इंजिन घेऊन जा. टोपीला हात लावलेला नाही. खरे आकडे खाली लिहिते, पहिले आठवून आणि शेवटचे फळ्यावरून. माझ्याकडं ते ठेवण्याची माझी लायकी नाही.

६ नोव्हेंबर: २.५, ३, ३.५, ४, ३.५.
२० नोव्हेंबर: ३, ३.५, ४, ४.५, ४.
२ डिसेंबर: ३, ४, ४.५, ४.५, ४.
३ जानेवारी: २.५, ३, ३, ३.५, ४, ४.५, ५, ५.५, ५.८. विस्तव काढला.

गंगासागर

&nbsp;

परळी वैजनाथ,
१० जानेवारी २०२३

चि. गंगा,

तुझं पत्र वाचलं. प्रणिता पाणी घेऊन आली, तिलाही वाचायला दिलं. तिनं डोक्याला हात लावला आणि मला म्हणाली, “चिठ्ठीवर दोनच प्रश्न कावून लिवले, मामा? मला समदं सांगितलं असतं तर मी आत्याला फोनवरच धारेवर धरलं नसतं का?” ती खरं बोलली. शेंदराचं वाचून मी गप्प राहिलो, हे सुनेला कळू नये म्हणून दोनच प्रश्न लिहिले होते. माझी अब्रू जपायला गेलो आणि तुम्हा सगळ्यांना त्या बॉयलरपुढं बसवलं. तुझ्या फोडांत माझाही वाटा आहे.

तू माझ्याशी खोटं बोललीस याचा राग आला. अजून आहे, उगाच नाही म्हणणार नाही. पण तुला एक सांगायचं राहिलंय. ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही, तुझ्या वहिनीलाही नाही.

थर्मलला लागण्याआधी दोन वर्षं मी एका साखर कारखान्यात होतो. बावीस वर्षांचा होतो. एका पाळीत अंगात ताप होता. बॉयलरपर्यंत चढून जायचा कंटाळा आला, म्हणून खाली बाकावर बसून मी आठ तासांचे आकडे एका जागी भरले. सगळे सारखे, अक्षर सुंदर. काही झालं नाही. वर साहेबांनी ती वही चार जणांना दाखवली, म्हणाले, वही ठेवावी तर अशी. त्या दिवशी काही झालं असतं तर खाली काम करणारी सतरा माणसं होती. अजून ती नावानिशी आठवतात. तुझे पंधरा तीन मी हुशारीनं ओळखले नाहीत गं. माझंच पान समोर आलं.

तेव्हा लायकीची भाषा करू नकोस. मी बाकावर बसून राहिलो होतो. तू सगळ्या गावासमोर उठलीस आणि हातानं विस्तव काढलास.

मोहनरावांचं मनाला लावून घेऊ नकोस. चौतीस वर्षं मी काही होऊ न देण्याचा पगार घेतला. तुला त्याच कामाचे टोमणे मिळाले, एवढाच फरक. हसणाऱ्या पोरी घरी जाऊन भाकरी खाऊन झोपल्या. मला तेवढं पुरे आहे आणि तुलाही पुरे असावं.

इंजिन मी परत नेणार नाही. डॉक्टरांनी संक्रांतीनंतर प्रवासाची परवानगी दिलीय. अठरा तारखेला पहिल्या गाडीनं निघतो. नवी टोपी बनवून ठेवलीय, हातपंप बरोबर आणतो. आधी थंड पाणी भरून बॉयलर पुन्हा सहाला दाबून बघू. एक थेंब जरी गळला तर पेटवायचं नाही आणि वाद घालायचा नाही. शेंदरानं बसलेली टोपी योगिता मॅडमना देऊन टाकू, कापून पोरींना आतून दाखवतील. मोहनरावांना बोलवायचं की नाही, ते तू ठरव.

थेंब गळला नाही, तर त्याच दिवशी पेटवायचं. विस्तव तूच घालायचास, डाव्या हातानं का होईना. मी बॉयलरला लागून स्टूल टाकून बसेन. पाठ काट्याकडं आणि तोंड तुझ्याकडं. तू ओरडलीस तरी मला ऐकू येणार नाही, तेव्हा आकडा बोटांनी दाखव. तू दाखवशील तो वहीत लिहीन. वळून बघणार नाही.

तुझा,
अण्णा